एक प्रत, शिरड शहापूर

रत्नपाल मागच्या मंगळवारी गेला. बेचाळिसाव्या वर्षी, हार्ट अटॅकनं. वाचनालयाचे फोन येतात म्हणून त्याच्या बायकोनं, सपनावहिनींनी, त्याचा मोबाइल माझ्याकडं दिलाय.

तो हिंगोलीच्या वाचनालयात ग्रंथपाल होता, मी तिथंच कारकून. जिल्ह्यातल्या अकरा वाचनालयांच्या याद्या त्यानं दोन वर्षं खपून संगणकावर जोडल्या. चौकटीत नाव टाकलं की पुस्तक कोणत्या गावात आहे ते दिसायचं. उद्घाटनाला तो माईकवर म्हणाला, "पुस्तक कुठंबी असू द्या, तुमच्या हातात येईल."

साखरा गावच्या सोजराबाई समोरच बसल्या होत्या. त्यांचे मालक, सटवाजी, जलशाची गाणी रचायचे. एकच पुस्तिका छापली होती. घरची प्रत पावसात भिजून गेली. रत्नपालनं नाव टाकलं. पडद्यावर आलं : एक प्रत, शिरड शहापूर. म्हातारीनं त्या अक्षरांवरून हात फिरवला.

"कधी आणतूस, लेकरा?"

"रविवारी, मावशी."

रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो. कपाटात पुस्तिका नव्हती. तिथं बसणारे कोंडीबाकाका हसले.

"ते जाऊन पंधरा वर्सं झाली की!"

"मग नोंद काहून ठेवली?"

"खोडली तर पुस्तकं कमी भरतात. दर्जा जातो, अनुदान जातं. तुमी लय खोडून राहिले का?"

रत्नपालनं कपाट लावून घेतलं. आमच्याकडंही कुणी खोडत नव्हतं. आकडा मोठा दिसावा म्हणून त्यानं कपाटं न बघता रजिस्टरंच चढवली होती.

पुस्तिका घेऊन तसंच पुढं साखऱ्याला जायचं ठरलं होतं. हिंगोलीत आल्यावर त्यानं गाडी घराकडं वळवली.

मग तो दर सुटीला एकेका गावची कपाटं तपासू लागला. नसलेलं पुस्तक यादीतून काढायचा. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष चिडले. "एवढा मंडप टाकला तो पुस्तकं कमी करायला का?" तो ऐकून घ्यायचा. सोजराबाईंचा फोन आला की मात्र बाहेर जायचा. "शोधून राहिलो, मावशी." खरं सांगणं त्याला कधी जमलं नाही.

काल मी चौकटीत सटवाजींचं नाव टाकलं. ही नोंद त्यानं काढली नव्हती. खाली लिहिलं होतं : प्रत जागेवर नाही. कुणाकडे असल्यास कळवावे. पुढं त्याचाच नंबर.

संध्याकाळी तो मोबाइल वाजला. सोजराबाईंना ऐकायला कमी येतं. त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं.

"रत्नपाल, सापडलं का रे?"

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"हालो? आयकून राहिला न्हवं?"

"शोधून राहिलो, मावशी," मी म्हणालो.