एन्नोरच्या पाण्यावर कुणाचं नाव

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील रेल्वेच्या कारखान्यात आणि उरलेला वेळ युनियनमध्ये. पत्रक हातात आलं की ते आधी तळाशी काढणाऱ्याचं नाव बघत. "नाव घातलंय, म्हणजे उद्या पोलीस आले तर हा दार उघडणार," म्हणत. नाव घालणं म्हणजे उत्तर द्यायची तयारी, हे मी तिथे शिकले. मद्रासच्या प्रयोगशाळेत आल्यावर कळलं की मोठ्या पदव्यांच्या माणसांचा तसा काही समज नाही.

मी आणि माझी मैत्रीण मद्रासजवळच्या एन्नोरच्या खाडीतल्या कालवांवर, म्हणजे शिंपल्यातल्या जीवांवर, काम करत होतो. मला टायफॉइड झाला तो सबंध उन्हाळा ती एकटीच बसने जाऊन तपासायला खाडीचं पाणी भरून आणत होती. पुढे तिचं लग्न झालं आणि ती त्रिचीला गेली. तिथल्या कॉलेजात जागा निघणार होती. छापलेला एक शोधनिबंध नावावर असता तर ती तिला मिळण्यासारखी होती.

आमच्या कामाचा निबंध टाइप होऊन आला. वर प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांचं नाव, मग त्यांच्या भाच्याचं, मग माझं. तिचं नव्हतंच. भाच्याने एन्नोर पाहिलं असेल तर रेल्वेच्या खिडकीतून.

सर तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. मी विचारलं तर हसले. "बघ अम्मा, लग्नपत्रिकेवर आजोबांचं नाव पहिलं असतं. आजोबा काय सांबार ढवळायला बसतात?"

"पण सर, सांबार कमी पडलं तर लोक आजोबांनाच बोलतात. इथे कुणाला बोलायचं?"

"ती आता संसारी बाई. तिला नाव कशाला?"

"मग माझंही काढा."

वाटलं, थांबतील. त्यांनी माझ्या नावावर शाईची एक रेघ मारली आणि निबंध टपालात टाकायला भाच्याच्या हाती दिला.

काही महिन्यांनी संपादकांनी विचारलं: उन्हाळ्यात खाडीचं पाणी समुद्राहून खारट कसं? मोजण्यात चूक तर नाही? खुलासा आल्याशिवाय छापणार नाही. सरांनी भाच्याकडे पाहिलं, भाच्याने माझ्याकडे.

"मी तेव्हा अंथरुणावर होते," मी म्हटलं. "आणि माझं नाव तर आता नाहीच."

मैत्रीण तेव्हा माहेरी, मैलापूरला आली होती. मी तणतणत गेले. ती मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, तळत होती. "उन्हाळ्यात खाडीचं तोंड वाळूने बंद होतं," ती म्हणाली. "आत साचलेलं पाणी उन्हाने आटतं, मीठ मागे राहतं. बंद झाल्याची तारीख, रोजचं माप, सगळं आहे माझ्याकडे. सरांना सांग, माझं नाव घाला, मग देते."

"आणि भाच्याचं काढा, हेही सांगते."

"ते सांगू नकोस."

"का?"

"त्यावर ते महिनाभर रुसतील आणि त्रिचीची जागा जाईल. तू माझ्यासाठी नाव काढलंस. मला विचारलं होतंस?"

मी काहीतरी तत्त्वाचं बोलले. तिने माझ्या हातावर गरम मुरुक्कू ठेवला.

सरांनी तिचं नाव घातलं, शेवटी, भाच्याच्याही खाली. संपादकांना खुलासा पोचला, निबंध छापला गेला, तिला जागा मिळाली. मला निबंधाची प्रत पाठवली ती तिनेच. मी ती हातात घेऊन वडिलांसारखी आधी नावंच वाचली. तीन नावं, आणि त्यांतलं दार उघडायला येणारं एकच. माझा राग अजून उतरलेला नाही. तिला तसं कळवलं, तर तिचं उत्तर आलं: "मला नाव मिळालं. भाच्याचं तू बघ, तुला वेळ आहे. मला उद्या पहिला तास आहे."