आधी नोंद पक्की, मग चिठ्ठी

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती जळगावात, नोकरीच्या मुलाखतीत. नव्वदचं दशक नुकतंच अर्ध्यावर आलं होतं. धुळ्याहून डिप्लोमा करून मी मोठ्या रुबाबात आलो होतो आणि सी प्लस प्लसबद्दल कोणी विचारतंय का, याची वाट पाहत होतो. ताईंनी विचारलं, "प्रोग्राम मध्येच बंद पडला तर काय कराल?" मी म्हटलं, "पुन्हा सुरू करीन." "आणि तोवर अर्धवट झालेलं काम?" यावर मी गप्प. त्यांनी चहा मागवला आणि सोमवारपासून यायला सांगितलं. माझ्या गप्प राहण्यात त्यांना काय दिसलं, हे आजतागायत मला कळलेलं नाही.

आमची कंपनी म्हणजे चार टेबलं, एक कूलर आणि मालक नाना. ताई मूळच्या धुळ्याच्या, शिक्षकाच्या घरातल्या. पिंप्राळ्यातून लुनावर यायच्या आणि नाना येण्याआधी ऑफिसचं कुलूप उघडायच्या. त्यांनी आयुष्यात पुढे बरंच काही केलं, त्याबद्दल त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते त्यांनी बांधलेल्या एका लायब्ररीविषयी. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, प्रोग्रामची.

केळी बागायतदारांच्या एका सहकारी संस्थेचं काम आमच्याकडे होतं. उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वे वॅगनमध्ये कोणत्या शेतकऱ्याच्या मालाला किती जागा, याचं वाटप संगणकावर करायचं. डेटाबेसमध्ये शेतकरी एका तक्त्यात, बाग दुसऱ्या, वॅगन तिसऱ्या आणि वाटप चौथ्या. आम्ही प्रत्येकजण आपापल्या मर्जीनं थेट तक्त्यात हात घालत होतो. एखाद्याने रकान्याचं नाव बदललं की दुसऱ्याचा प्रोग्राम आडवा. शिवाय संस्थेच्या कारकुनांचा आग्रह असा, की आधी शेतकऱ्याला द्यायची जागेची चिठ्ठी छापा आणि नोंदी मागाहून होऊ द्या. प्रिंटर मुलखाचा मंद, रांग दारापर्यंत, आणि शेतकऱ्यांची गावाकडची एसटी चुकायला नको. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

एके दिवशी असोद्याच्या आबांच्या हातात चिठ्ठी पडली आणि त्याच क्षणी वीज गेली. नोंद झालीच नाही. आबांनी चिठ्ठीच्या भरवशावर बाग कापली, माल स्टेशनवर आणला, तर वॅगनमध्ये त्यांचं नाव नाही. ते तडक आमच्या ऑफिसात आले आणि खांद्यावरचा घड ताईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, चिठ्ठी तं हाये माह्याजवय. जागा कुठी गेली? घड कापेल हायेत. आता झाडाले परत लावू का?"

नाना पुढे होऊन म्हणाले, "आबा, वीज गेली, त्याला आपण तरी काय करणार?"

ताई उभ्या राहिल्या. "नाना, वीज जाणार हे आपल्याला ठाऊक होतं. वीज रोज जाते. आबा, चूक आमची आहे."

गिऱ्हाइकासमोर असं बोलायची आमच्या धंद्यात रीत नाही. नानांचा चेहरा उतरला. आबांचा बहुतेक माल गुरांपुढे टाकावा लागला. दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन असोद्याला गेल्या, आबांच्या ओट्यावर बसल्या आणि त्यांच्या घरच्यांसमोरही तेच वाक्य बोलल्या. तिथून त्या थेट संस्थेत गेल्या आणि म्हणाल्या, की हे दुरुस्त होईपर्यंत संगणक बंद ठेवा, वाटप हातानं करा. संस्थेनं काम काढून घेतलं असतं तर चार टेबलांची दोन झाली असती, आणि पहिलं टेबल ताईंचं गेलं असतं. नानांनी तसं स्पष्टच सुनावलं. ताई म्हणाल्या, "चालेल." त्या दिवशी मला त्यांची भीतीच वाटली, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी ती लायब्ररी लिहायला घेतली. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामधला एक थर. आमच्या प्रोग्रामनी फक्त शेतकरी, बाग, वॅगन यांच्या भाषेत बोलायचं. त्याच्या ओळी, रकाने, जोडण्या करणं लायब्ररीचं काम. तक्त्याची रचना बदलायची असेल तर तो बदल लिहून, क्रमांक देऊन लायब्ररीमार्फतच करायचा; गिऱ्हाइकाकडे बसून परस्पर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाटपाच्या सगळ्या नोंदी मिळून एक व्यवहार. एक जरी राहिली तरी सगळ्या मागे घ्यायच्या. आज अशी साधनं आयती मिळतात आणि आमच्याकडची नवी पोरं ती नाक मुरडत वापरतात. तेव्हा आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

पण ताईंचं खरं डोकं पुढेच दिसलं. त्या म्हणाल्या, "नोंद मागे घेता येते. चिठ्ठी घेता येत नाही, कारण तिच्यावर बाग कापली जाते." म्हणून छापायची चिठ्ठीसुद्धा त्यांनी त्याच व्यवहारात नोंदवून ठेवली. व्यवहार पक्का झाल्याशिवाय कागद प्रिंटरकडे जायचाच नाही. एसटी चुकली तर चुकली.

धाक दाखवून त्यांनी हे कधी करून घेतलं नाही. आमच्या एका सहकाऱ्यानं धुळ्याच्या गिऱ्हाइकाकडे हातानं तक्ता बदलून घोळ घातला, तेव्हा ताई त्याच्याबरोबर एसटीनं गेल्या, दिवसभर निस्तरत बसल्या आणि परतीच्या वाटेवर त्याला आपल्या डब्यातलं भरीत खाऊ घातलं. तो म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लायब्ररी तयार झाल्यावर संचालकांसमोर परीक्षा ठरली. ताईंनी आबांना मुद्दाम बोलावलं आणि मेन स्विचपाशी उभं केलं. "आबा, वाटप सुरू झालं की तुम्हाला वाटेल तेव्हा बंद करा."

"केव्हा बी?"

"केव्हाही."

आबांनी मनातला सगळा राग काढला. कधी सुरुवातीलाच, कधी मध्येच खटका ओढायचे. मशीन पुन्हा सुरू केलं की एकतर वाटप पूर्ण झालेलं, नाहीतर मुळीच नाही. एकदा आबांच्याच पुढच्या मालाचं वाटप चालू असताना नोंद पक्की झाली आणि चिठ्ठी राहिली. मशीन सुरू होताच ती आपोआप छापून आली. आबांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "म्हंजे हे हातात आली तं जागा हायेच?" "आहेच," ताई म्हणाल्या. मागच्या प्रकारापासून संस्थेचा कारकून प्रत्येक चिठ्ठी स्टेशनवर फोन करून पडताळायचा. त्यानं फोन उचलला. आबा म्हणाले, "राहू दे."

आबांनी कोणालाही न विचारता बाग कापली. माल भरायच्या सकाळी ताई मला घेऊन स्टेशनवर पोचल्या. वॅगन भरत होती, आणि आबा दारात उभे राहून घड आत देत होते. आम्हाला बघून ते थांबले. "मॅडम, तुम्ही कायले आल्या? चिठ्ठी व्हती ना माह्याजवय!"

ताई फलाटावरच्या बाकावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसत हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

आज ताई साठ वर्षांच्या झाल्या. आपलं काम नीट झालंय ना, हे बघायला त्या अजून स्वतः जातात आणि आम्ही कितीही सांगितलं तरी जाणारच. तेव्हा त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि पायही तितकेच भक्कम राहोत.