मॉराचा माईक

गायक शब्द विसरला म्हणून मी एकदा अख्ख्या मैदानाला गप्प करायला निघाले होते. आयर्लंडला मुलाकडे येऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि वय बासष्ट, म्हणजे मी तशी अल्लडच. आमची लिमरिक गावातली शेजारीण मॉरा. तिच्या बहिणीला ऐनवेळी ताप आला, म्हणून तिचं तिकीट माझ्या वाट्याला आलं आणि मॉरा मला डब्लिनला एका प्रसिद्ध इंग्रज रॉक बँडच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. गाणं ऐन रंगात आलं आणि गायकाने माईक स्वतःच्या तोंडापासून काढून आमच्याकडे धरला. मला वाटलं, शब्द विसरला. पुण्यात उभा जन्म बैठकी ऐकण्यात गेलेला. गवई अडला की आपण श्वास रोखायचा, एवढंच ठाऊक. इथे तर लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. मी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं आणि मॉराचा दंड धरून म्हटलं, "अगं थांब, त्याला आठवू तर दे."

परतताना गाडीत हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "शुभा, युअर मॅनला शब्द पाठ आहेत. आपल्याला आहेत का, ते तो बघतो." युअर मॅन म्हणजे आपल्याकडचा 'तो बाबा'. मॉराच्या लेखी तो गायकही युअर मॅन, पोस्टमनही आणि माझा मुलगाही. तिची इंग्रजी मी इथे मराठीत सांगते आहे, कारण मला ती तशीच आठवते.

मॉराचं केस कापायचं दुकान होतं. सतराव्या वर्षी घरी थाप मारून ती बोटीने इंग्लंडला गेली आणि तिथे तिने त्या बँडला पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून दुसरं काही ऐकलंच नसावं. दुकानात दिवसभर तीच गाणी. जोरदार ड्रम्सचं गाणं लागलं की जुनी गिऱ्हाइकं सांगायची, कपाळावरचे केस पुढच्या गाण्यात काप. मी कलप लावायला जाई आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून गाणी पाठ करत बसे. चुकले की ती कंगव्याने खुर्चीच्या पाठीवर ठोका देई. मी मनातल्या मनात गुणगुणले तर म्हणे, "गाणं नुसतं कानात ठेवलं की शिळं होतं."

दरवर्षी चर्चच्या हॉलमध्ये ती आणि तिचे तीन मित्र त्या बँडची गाणी सादर करत. मोठ्या नटाने गाजवलेली नाट्यपदं गावोगावच्या हौशी मंडळींनी म्हणावीत, तसंच ते. सत्तरीची बाई, अंगात चामड्याचं जाकीट आणि आवाज असा की खिडकीची तावदानं सांभाळावीत. पण माईक तिने कधी लोकांपुढे धरला नाही. म्हणायची, "युअर मॅनला शोभतं ते. मी धरला तर म्हणतील, म्हातारीला झेपत नाही." शेवटच्या गाण्यात एक ओळ उंच उंच चढत जाते. ती ओळ एकटीने पुरी करणं, हा तिचा मान होता.

मागच्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर गाता येईल, असं कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगेना. दरवर्षीचा कार्यक्रम ऑपरेशनच्या आदल्याच शनिवारी होता. सगळे म्हणाले, यंदा राहू दे. "ग्रँड आहे मी," मॉरा म्हणाली. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत. पाय मोडला होता तेव्हाही ती ग्रँडच होती. मला मात्र दुकान बंद करताना म्हणाली, "ती ओळ एकदा पुरी म्हणते, मग कापू देत त्यांना काय कापायचं ते."

शनिवारी शेवटच्या गाण्यात ती ओळ चढली आणि मध्येच आवाज तुटला. मागे ड्रम्स वाजत राहिले. हॉलमधले सगळे तिला ओळखणारे, मायेची माणसं. सगळ्यांनी श्वास रोखला. डब्लिनच्या मैदानाला मी जे शिकवायला निघाले होते, ते या हॉलला उपजतच येत होतं. मॉरा डोळे मिटून उभी. मला बघवेना. मी उठतेय हे दिसताच नात ईराने माझा कोट ओढला, "आजी, प्लीज डोन्ट." मी डोन्ट ऐकलं नाही. त्या ओळीचा राहिलेला तुकडा मी म्हटला, तोही कुठल्या पट्टीत ते देव जाणे. ईराने आधी मफलरमध्ये तोंड लपवलं, मग मफलरमधूनच गायला लागली. मागची रांग उठली आणि बघता बघता सगळा हॉल.

मॉराने डोळे उघडले. आमच्याकडे बघितलं. मग हनुवटी वर करून, हात लांब करून, सावकाश माईक आमच्यापुढे धरला. इतक्या ऐटीत युअर मॅननेही कधी धरला नसेल.

ऑपरेशनमध्ये गाठ काढली, पण गाणं परत आलं नाही. बरेच दिवस तिला बोलायलाही बंदी होती. बंदी उठली त्या सकाळी मी साजूक तुपातला मऊ शिरा घेऊन गेले. तिने डबा बाजूला ठेवला, मला खुणेने जवळ बोलावलं आणि खरखरत्या नव्या आवाजात पहिलं वाक्य उच्चारलं:

"शुभा, त्या दिवशी मी शब्द विसरले नव्हते हं."