सिलिका जेलच्या बारा पुड्या

दुबईत रास अल खोरमधल्या ज्या गोदामात मी नोकरी करतो, तिथे खजूर, सुका मेवा आणि मसाले साठवलेले असतात. सकाळी आठ आणि दुपारी चार, अशा दोन वेळा तापमान आणि हवेतल्या बाष्पाची टक्केवारी नोंदवणं हे माझं काम. एकोणीस वर्षांत एकही रकाना मी रिकामा सोडलेला नाही. ओल आली की बुरशी येते आणि बुरशी आली की माल जातो, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

सिलिकॉन ओएसिस या वस्तीत आमच्या वरच्या मजल्यावर एक जपानी इंजिनियर राहायचे. माझ्या मुलीला त्यांनी चार वर्षं, दर शनिवारी, गिटार शिकवली. निवृत्त होऊन मायदेशी जाताना त्यांनी स्वतःची गिटार तिला देऊन टाकली. गिटारच्या गोल छिद्रातून आत डोकावलं की चिकटवलेला कागद दिसतो. त्यावर कारागिराची शाईतली सही आणि पन्नास वर्षांपूर्वीचं साल. एका माणसाने, एकट्याने, हाताने बनवलेली. वरची फिकट फळी अडीच मिलिमीटर जाडीची, पाठ शिसवीसारख्या काळपट लाकडाची. ही गिटार घरी आल्यापासून मुलीने जुन्या गिटारला हात लावला नाही.

पेटीत गिटारबरोबर एक साबणाची डबी होती, झाकणाला भोकं पाडलेली, आत ओला स्पंज. मुलगी दर आठवड्याला तो भिजवायची. कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या जुलैत बायको आणि मुलगी आधी पुण्याला गेल्या. आठवड्याने मी निघालो. इथे सुट्टीवर जाताना सगळेच एसी चोवीसवर चालू ठेवतात, नाहीतर परत येईपर्यंत चपलांनासुद्धा बुरशी चढते. मी यादी करून घर आवरलं. गिटारची पेटी उघडली तर आत ओला स्पंज! बंद घरात महिनाभर ओला स्पंज, या विचारानेच मला कसंतरी झालं. मी तो काढून बाल्कनीत वाळत घातला आणि गोदामातून आणलेल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बारा पुड्या पेटीत मोजून ठेवल्या. दोन तर गिटारच्या आतच सोडल्या. काम चोख झालं म्हणून समाधानाने कुलूप लावलं.

एकतीस दिवसांनी परतलो. मुलीने बॅग टाकून आधी पेटी उघडली.

"बाबा, व्हेअर इज द स्पंज?"

मी अभिमानाने सांगितलं. तिने गिटार माझ्याकडे वळवली. तारा बांधायच्या पट्टीपासून खालच्या कडेपर्यंत फळी उभी तडकली होती. लांबी एकोणीस सेंटिमीटर. फट शून्य पूर्णांक सात मिलिमीटर. पेटीत मीटर ठेवून पाहिलं, बाष्प चोवीस टक्के.

"अहो, खजुराला जपता तसं जपलंत तुम्ही तिला," बायको म्हणाली. मग मुलीचा चेहरा पाहून बॅगा उचलून आत गेली.

दुबईतल्या एका दुरुस्तीवाल्याने टॉर्च मारून पाहिलं. "सर, झूठ नहीं बोलूँगा. ग्लू मारके दे दूँगा, पर फिर कोई खोल नहीं पाएगा. खलास." मी गिटार परत आणली.

मुलीने इंटरनेटवर कारागिराचा पत्ता शोधला. ईमेलला उत्तर त्यांच्या मुलीने दिलं. वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत, हात थरथरतात, काम बंद केलंय, शिष्य कोणी नाही. दुसऱ्या कोणाकडे पाठवायची तर पाठीचं लाकूड संरक्षित जातीचं, परवान्याशिवाय सीमेपार जात नाही, आणि परवान्याला मूळ खरेदीचे कागद लागतात. ते त्या जपानी शेजाऱ्यांकडेही उरले नव्हते. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं: तारा सैल करा, पेटीत पन्नास टक्के बाष्प ठेवा, वाट पाहा. लाकूड प्यायलं की फट मिटेल, कदाचित.

स्पंज पुन्हा पेटीत गेला. मी रोज फट मोजू लागलो, मिलिमीटरच्या दशांशात. सात, सहा, साडेपाच, पाच. दर रविवारी कारागिराच्या मुलीला तक्ता पाठवायचो. एकदा उत्तर आलं, वडील म्हणतात, इतके नेमके आकडे आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने पाठवले नाहीत. ते वाचून मला जेवण गेलं नाही.

चारवर येऊन फट थांबली. पाच आठवडे चारच.

मग जपानहून एक लिफाफा आला. आत पातळ कागदात गुंडाळलेली, काडीएवढी लाकडाची चीप. त्याच फळीचा तुकडा, कारागिराने पन्नास वर्षं जपून ठेवलेला. ती फटीत बसवायची, म्हणजे गिटार पुन्हा वाजेल. कोणी बसवायची, ते पत्रात नव्हतं. त्यांनाही ठाऊक नसणार.

मुलगी म्हणाली, "यू डू इट, बाबा. यू आर सो केअरफुल."

ती टोमणा मारत नव्हती, म्हणूनच मला तिच्याकडे बघवलं नाही. मी चीप मोजली, पुन्हा कागदात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. त्या गोष्टीला आता सात महिने झाले. माझं अकरा दुरुस्तीवाल्यांना दाखवून झालं. अकराही जणांनी चीप हातात घेतली आणि सांभाळून परत दिली. मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला बाहेर जाणार. जुनी, प्लायवुडची गिटार नेईन म्हणाली.

जपानहून दर रविवारी एक ओळ येते: वडील विचारतात, बसवली का?

मी आजचा आकडा लिहितो, एक्कावन्न टक्के. त्याखाली लिहितो, अजून नाही.