गावभरच्या जिभा आणि अकोल्याची एक

अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये राहून माझ्या रूममेटला जीभ न दाखवलेला मराठी माणूस शोधून काढा, मी त्याला स्वतःच्या हातानं चहा करून पाजेन. पोरगा अकोल्याचा, पीएचडी कॉम्प्युटरची, आणि विषय काय, तर चिनी वैद्यकातलं लिव्हर! "अबे, आपला डॉक्टर म्हणतो, दहा पेशंट, रोग एकच. चिनी वैद्य म्हणतो, रोग एक असेल, पण माणसं वेगळी नं! याचं लिव्हर कोंडलं, त्याच्यात दमट उष्णता भरली, म्हणून जीभ पिवळी," असं सांगता सांगता तो तुमची नाडी कधी धरतो ते कळतसुद्धा नाही. जीभ, नाडी, झोप, राग, स्वप्नं, सगळं तो कॉम्प्युटरला भरवतो आणि कॉम्प्युटर पेशंटांचे ढीग लावतो. हे खूळ कुठून आलं विचारलं, तर म्हणाला, "घरी बाबांचं लिव्हर खराब आहे. ते कोणत्या ढिगात बसतात, एवढं तरी कळलं पाहिजे नं." आणि लगेच, "तू जीभ काढ." बसमध्ये खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत हळूच विचारणार, "स्वप्नं लय पडतात का तुला?" मी म्हटलं, पडतात, आमच्या शाळेचं मैदान दिसतं आणि त्यावर बर्फ असतो. स्वारी एवढी खूश झाली की आमचा स्टॉप गेला. "कोंडलं राजा तुझं लिव्हर!" हे वाक्य मी आता हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणतो. एकदा त्याचा फोन मी त्याच्याच आवाजात घेतला, तर त्याचा गाईडसुद्धा फसला.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला त्याला तुलनेसाठी निरोगी जिभा हव्या होत्या, म्हणून त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. एक काकू कडाडल्या, "मेल्या, आधी जेवू तरी दे!" बरं म्हणाला. वरणभात, बटाट्याची भाजी रिचवून सगळ्यांनी जिभा काढल्या. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरनं अख्खं मंडळ दमट उष्णतेच्या ढिगात टाकलं. काकूंनी घाबरून ब्लड टेस्ट बुक केली. दोन दिवस डोकं धरून बसल्यावर हा ओरडला, "हळद बे! मशीनला हळद शिकवलीच नाही मी!"

रोज संध्याकाळी तो घरी व्हिडिओ कॉल लावतो. "बाबा, जीभ काढा." लहानपणी पाहुण्यांसमोर जीभ काढली म्हणून ज्यांनी याच्या पाठीत धपाटे घातले, तेच बाबा मुकाट्यानं आ करतात. हाही इकडून आ करतो. दोघं तसेच एकमेकांकडे बघत बसतात, आणि खिडकीबाहेर बर्फ आवाज न करता पडत राहतो. गावभरच्या जिभा मशीनला घालणाऱ्या या माणसानं ही एक जीभ अजून घातलेली नाही.

परवा ती पिवळी दिसली. कॉल संपल्यावर मी विचारलं, "मशीनला दाखवतोस?"

"वरण खाल्लं असेल बे," तो म्हणाला. "मशीनला कुठं हळद कळते."

मघाशी स्क्रीनवर बाबांच्या मागे अकोल्यात नुकतं उजाडत होतं. त्यांचा चहासुद्धा व्हायचा होता. त्याच्या 'कोंडलं राजा'ची नक्कल माझ्या अगदी ओठांवर आली होती.

"हो," मी म्हटलं. "वरणच असेल."