काटेवाल्याचं नगर

डांबरी रस्ता संपून खडीचा सुरू होतो तिथे वजनकाटा आहे. ट्रक लोखंडी पत्र्यावर चढतो, पत्रा केसभर दबतो, आणि बाजूच्या खोलीतला माणूस खिडकीतून आकडा सांगतो. त्या माणसाला सगळे काटेवाला म्हणतात. वीस वर्षं तो त्याच स्टुलावर बसतो आहे. वीस वर्षांत त्याने कुणाला एका किलोची सूट दिलेली नाही.

"अहो, टायरला चिखल लागलाय. तेवढा तरी सोडा," एखादा ड्रायव्हर गयावया करायचा.

"धुऊन ये. मग परत चढव."

ड्रायव्हर शिव्या देत पुढे जायचे. पण खरं वजन हवं असलं की दोन काटे सोडून त्याच्याकडेच यायचे. याचा त्याला अभिमान होता. माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान असावा, नाहीतर धुळीत बसून आयुष्य काढता येत नाही.

मालकाने काट्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारात काढला तेव्हा काटेवाल्याने तो मागून घेतला. रंगाच्या ब्रशाने त्यातली धूळ झाडली, घरघरणाऱ्या पंख्यात तेलाचा थेंब सोडला आणि खोलीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या माठापासून चार हात लांब, तो एका फळीवर ठेवला. त्या कॉम्प्युटरवर त्याने एक नगर वसवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक खेळ आहे, चौकोनी ठोकळ्यांचा. माती खणायची, दगड काढायचे, लाकूड तोडायचं आणि जे मनात येईल ते बांधायचं. एकट्यालाही खेळता येतो. पण चाळीस माणसांना आपापल्या घरी बसून एकाच जमिनीवर बांधायचं असेल, तर ती जमीन कुठेतरी सतत जागी ठेवावी लागते. ज्या यंत्रात ती जागी असते त्याला सर्व्हर म्हणतात. यंत्र बंद, तर जग बंद.

हे तो कुणाकडे शिकायला गेला नाही. वाया गेलेल्या वजनपावत्यांच्या पाठीवर टिपणं काढत, दहा वेळा चुकत, अकराव्यांदा जमवत शिकला. यंत्र चालू झालं, पण बाहेरच्या कुणाला आत येता येईना. तिथे धाकटा कामाला आला. धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. तो इंटरनेटच्या तारा ओढायचं काम करायचा.

"दादा, तुझ्या लाइनचा पत्ता रोज बदलतो," धाकटा म्हणाला. "रोज घर बदललंस तर पाहुणे येतील कसे? कायमचा पत्ता लावून देतो. आणि इंटरनेटच्या या डब्यात एक दार उघडं ठेवावं लागेल."

"चोर शिरला तर?"

"शिरला तर तू वजन करूनच सोडशील त्याला."

दोघं हसले. दोघा भावांच्या चुली वेगळ्या होऊन सहा वर्षं झाली होती. सणाला नाही की दुखण्याला नाही, जाणंयेणं उरलं नव्हतं. नगर वसलं आणि धाकटा पुन्हा येऊ लागला. दर रविवारी सकाळी तो पेन ड्राइव्ह घेऊन यायचा, आणि काटेवाला सबंध नगराची कॉपी त्यावर उतरवून द्यायचा. इथे काही जळालं, फुटलं, तर एक प्रत दुसऱ्या घरी असावी, एवढाच हेतू. कॉपी व्हायला वीस मिनिटं लागायची. ती वीस मिनिटं दोघे भाऊ शेजारी शेजारी बसायचे. काटेवाला कधी बोलला नाही, पण आठवडाभर तो त्या वीस मिनिटांवर जगायचा.

बायकोला मात्र हे सगळं खूळ वाटायचं. "न्हाणीघराची भिंत पडायला आलीय," ती म्हणायची, "आणि हे तिकडे लोकांना प्लॉट वाटत बसलेत."

"तिथली एक भिंत पडू देत नाही मी."

"तेच म्हणतेय. मीही तिकडेच राहायला जाते."

चार वर्षांत नगरात चाळीसेक माणसं आली. गॅरेजवाला आला, एक शिक्षिका आली, बेकरीत भट्टीवर काम करणारे दोघे आले. त्यांतली बरीचशी एकमेकांना समोरासमोर कधी भेटलेली नव्हती. आणि आली नर्सबाई. ती नोकरीतून निवृत्त झाली होती, घरात एकटी असायची. तिने घर बांधलंच नाही, बाग केली. चौकापासून पूर्वेला तिने पाट खणला, दोन्ही काठांनी फुलझाडं लावली, मध्ये दगडी बाक ठेवले. ज्याला कुणाला दिवसभरात बोलणी बसली असतील तो संध्याकाळी त्या बाकावर जाऊन बसायचा. तिथे चोरी नव्हती, मोडतोड नव्हती. आजपर्यंत मी पाहिलेल्या वस्त्यांमध्ये इतकी शहाणी वस्ती दुसरी नाही.

वेशीवर काटेवाल्याने नियमांची पाटी लावली होती. त्यातला एक नियम असा की, जो चाळीस दिवस फिरकणार नाही त्याचं बांधकाम पाडून जागा मोकळी केली जाईल. नियम वाईट नव्हता. लोक हौसेने यायचे, अर्धी भिंत बांधायचे आणि विसरून जायचे. नव्यांना चौकाजवळ जागा मिळायची नाही. अशी सोडून दिलेली बांधकामं तो जेवणाच्या सुट्टीत स्वतः पाडायचा.

पाचव्या वर्षी नर्सबाई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटा आवरलेली बाई स्वतः खाटेला खिळली. ही बातमी महिना उलटल्यावर एका रविवारी धाकट्यानेच आणली.

"दादा, तिचे चाळीस दिवस भरत आलेत. नियमाचं बघ जरा."

"निरोप दिलाय का तिने?"

"तिला कूस बदलता येत नाही, निरोप कसला देतेय?"

"पाटीवर आजाऱ्यांसाठी वेगळं काही लिहिलेलं नाही."

"मग लिही! पाटी तुझीच आहे ना?"

"वजन काट्यावर बघतात," काटेवाला म्हणाला, "चेहऱ्यावर नाही."

धाकट्याला वाटलं, हा नुसतं बोलतोय. तो पेन ड्राइव्ह खिशात घालून गेला. मंगळवारी एकेचाळिसावा दिवस उगवला. काटेवाल्याने डबा खाल्ला, हात धुतले आणि बाग सपाट केली. पाट मातीने भरला. बाकही ठेवले नाहीत.

पाडताना त्याचा हात थांबला नाही असं नाही. मला तो पुढे एकदा म्हणाला, "तिची सोडली असती तर आधी पाडलेली सतरा घरं मला काय म्हणाली असती?" पण ज्याचा हात थांबतो त्याने तिथेच थांबावं, एवढं मला कळतं.

तीन दिवसांनी नर्सबाई कुबड्या घेऊन दवाखान्यातून घरी आली. आल्या आल्या खेळ उघडला. सपाट जमिनीवर ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "चुकून दुसरीकडे आले वाटतं." आणि निघून गेली.

त्या एका ओळीने नगर पेटलं. धाकटा भर दुपारी काट्यावर आला. खिडकीसमोर ट्रक उभा होता, त्याचीही त्याने पर्वा केली नाही.

"रविवारची कॉपी आहे माझ्याकडे. तीत बाग आहे. तेवढा तुकडा कापून परत बसव. तासाभराचं काम आहे."

"मी पाडलेलं मीच बांधू?"

"कुणी हसणार नाही, दादा."

"ट्रक खोळंबलाय."

"एक बाई तुझ्यामुळे रडतेय आणि तुला ट्रक दिसतोय!"

"यंत्र माझं, जागा माझी, नियम माझा. ज्याला पटत नसेल त्याने स्वतःचं नगर वसवावं."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. कारण नगर धाकट्याच्या खिशात होतं.

आठवड्याच्या आत धाकट्याने नवं, वेगवान यंत्र उभं केलं आणि रविवारची कॉपी त्यात घातली. तीच वेस, तोच चौक, तीच घरं. आणि चौकापासून पूर्वेला नर्सबाईची बाग, पाटात पाणी वाहतं. गॅरेजवाला गेला, शिक्षिका गेली, बेकरीतले दोघे गेले. दहा दिवसांत काटेवाल्याच्या नगरात एकटा काटेवाला उरला. एक वीटही चोरीला गेली नव्हती. सगळं जागच्या जागी होतं, फक्त त्याला अर्थ उरला नव्हता.

धाकट्याचा फोन आला. "दादा, ये. तिथेही सगळे अधिकार तुझ्याकडेच ठेवतो. पाडायचा तेवढा नाही."

"माझ्याच घरात मला पाहुणा करतोस?"

"तुझं घर तसंच ठेवलंय."

काटेवाल्याने फोन ठेवला. रविवार आले आणि गेले, धाकटा काही आला नाही.

"त्या बाईला 'चुकलं' म्हटलं असतं तर जीभ झडली असती का?" बायकोने विचारलं.

"नियमाने वागलो मी."

"अहो, नियम कुणाशी बोलतो का जेवताना?"

सुंभ जळतो, पीळ राहतो. चाळीस दिवस लोटले. आता नगरातल्या प्रत्येकाचे चाळीस दिवस भरले होते. काटेवाल्याने पाटीवरचा नियम वाचला, जणू तो दुसऱ्या कुणी लिहिला होता, आणि एकेक घर पाडायला घेतलं. अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत तो पाडत होता. डबा न उघडताच परत जायचा. गॅरेजवाल्याचा मनोरा पाडला, शिक्षिकेची शाळा पाडली. धाकट्याचं घर शेवटी पाडलं. स्वतःचं पाडता येईना, कारण तो रोज येत होता. सपाट माळावर एकच घर उभं राहिलं.

त्यानंतर बारा दिवसांनी धाकटा खिडकीशी आला. तो वाळला होता, दाढी वाढलेली होती. अडीच महिन्यांनी भाऊ दिसला म्हणून काटेवाला अर्धवट उठला, आणि पुन्हा बसला.

"डिस्क गेली," धाकटा म्हणाला. "काही वाचत नाही. दोन ठिकाणी दाखवून आलो."

"कॉपी?"

"नवं यंत्र होतं, दादा. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो."

"पेन ड्राइव्ह?"

"ऑफिसच्या कामाला पुसून वापरला." त्याने खिडकीचा गज धरला. "तुझ्याकडे आहेच ना सगळं. तुझ्यावर राग काढला मी, काय बोलायचं ते बोल. पण जे आहे ते दे. बाग ती पुन्हा लावेल, मी विचारलंय तिला. सगळे इथेच परत येतील. तुझ्याकडेच."

काटेवाला स्क्रीनकडे वळला. तो सात कॉप्या ठेवायचा, वारागणिक एक. सोमवारची कॉपी पुढच्या सोमवारी पुसली जाऊन तिच्या जागी नवी बसायची. कधीही मागे गेलं तर सात दिवस मागे जाता येई. त्याने सोमवार उघडला. सपाट माळ, एक घर. मंगळवार. बुधवार. धाकटा खिडकीच्या गजांना कपाळ टेकून आत पाहत होता. शनिवारनंतर तो म्हणाला, "रविवार बघ."

रविवारीही माळच होता.

"कधी पाडलंस?"

"नियमाप्रमाणे," काटेवाला म्हणाला. त्याचा आवाज फुटला, म्हणून त्याने तेच पुन्हा म्हटलं. "नियमाप्रमाणे."

धाकट्याने गज सोडला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो "बरं" एवढंच म्हणाला आणि खडीवरून चालत गेला. ट्रकच्या धुळीत तो दिसेनासा झाला तरी काटेवाला तिकडे पाहत होता.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. काटेवाल्याने आकडा सांगितला. त्या दिवशीही बरोबर सांगितला.

आठवड्याने दुपारी त्याच्या स्क्रीनवर एक नाव उमटलं. नर्सबाई आत आली होती. तो डबा सोडून उठला. ती वेशीतून चौकात आली, चौकातून पूर्वेकडे चालली, थांबली, मागे फिरली, पुन्हा पुढे गेली. ओळखीची खूण म्हणून एक दगडसुद्धा उरलेला नव्हता.

मग तिने लिहिलं, "माझी बाग नेमकी कुठे होती, सांगता का? तिथूनच सुरू करेन म्हणते."

त्याला तोंडपाठ होतं. चौकापासून चौसष्ट पावलं पूर्वेला, नऊ पावलं डावीकडे, तिथून पाट. पहिला बाक एकविसाव्या पावलावर. पाडताना त्याने प्रत्येक पाऊल मोजलं होतं. जागा सांगायची, तर पाडताना आपला हात थांबला होता हेही सांगावं लागलं असतं.

त्याची बोटं कितीतरी वेळ बटणांवर होती. ती वाट पाहत उभी होती.

"आठवत नाही," त्याने लिहिलं.

"बरं," असं लिहून ती गेली.