आमच्या साडूंनी हुंगलेली प्लेट

देवानं माणसाला नाक दिलं ते चष्मा अडकवायला, अशी चाळिशीपर्यंत माझी समजूत होती. ती आमच्या थोरल्या साडूंनी मोडून काढली. त्यांच्या मते डोळे फसतात, कान ऐकीव गोष्टींवर भरवसा ठेवतात आणि जिभेला तर लाजच नाही. खरं बोलतं ते फक्त नाक, आणि अख्ख्या भोर तालुक्यात तसं नाक एकच, त्यांचं. दिसायला म्हणाल तर ते काही फार मोठं नव्हतं, चारचौघांत खपून जाईल असंच. पण गावातल्या ज्या गोष्टी पंचायतीला आठवड्यानं कळत, त्या या नाकाला रस्त्यावरून जाताजाता कळत. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात.

एकदा कापूरहोळच्या ढाब्यावर आम्ही भजी मागवली. प्लेट टेबलावर टेकायच्या आत दाजींनी ती दोन बोटांनी परत सरकवली. "हे तेल परवाचं हाय." मालक उसळला, देवाच्या शपथा घेतल्या, गल्ल्यावरून उठून आला, आणि भांडता भांडता "परवाचं न्हाई हो, कालचं हाय!" असं बोलून स्वतःच अडकला. वाण्याकडे तांदूळ घ्यायचा तर दाजी चिमूटभर दाणे तळहातावर चोळत, डोळे मिटत, आणि पोतं उघडून उभ्या असलेल्या वाण्याचा जीव टांगणीला लागे. आमच्याकडे ते यायचे म्हटलं की बायको लोणच्याच्या बरण्या फडक्यानं घट्ट बांधून टाकी, कारण मीठ कमी पडल्याचं त्यांना दारातून समजे आणि ते तसं दारातूनच सांगत. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाला त्यांनी एकदा नुसतं हुंगून "तुमी मार्गासनीचे ना?" म्हणून विचारलं. तो बिचारा पायाच पडायचा बाकी राहिला. दाजींनी त्याला मार्गासनीच्या थांब्यावर चढताना पाहिलं होतं, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. तेही त्यांनी स्वतःच, तोंडावर रुमाल धरून हसत सांगितलं.

हे नाक तयार झालं ते पुण्यात. एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये दाजींनी तीस वर्षं जंतू ओळखायचं काम केलं. रोग्याचं रक्त, लघवी, पू, थुंकी, जे येईल ते काचेच्या चपट्या प्लेटमध्ये खळीसारख्या थरावर पसरायचं, उबेत ठेवायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर जे ठिपके उगवतील त्यांचं नाव-गाव शोधायचं. निवृत्तीनंतर त्यांनी भोरला एसटी स्टँडजवळ दोन खोल्यांत स्वतःची लॅब थाटली. तिथं नियम फार कडक. चप्पल बाहेर, हात दोनदा धुवायचे, आतल्या खोलीत पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी रविवारी पेपर घेऊन दाराबाहेरच्या बाकावर बसत असे आणि तिथूनच गप्पा मारत असे. आणि इतके नियम करून झाले की हा माणूस हातमोजे चढवी, प्लेटचं झाकण उचली आणि आमटीला फोडणी नीट बसली का ते बघावं तसं सरळ नाक आत घाली! एका जंतूला पिकल्या द्राक्षांचा वास, एकाला उंदराचा, एकाला ओल्या मातीचा, एकाला चक्क करपलेल्या गुळाचा. "मशीनचं काय कौतुक सांगता, मास्तर? लाईट गेली की मशीन गप. नाक कधी गप बसतं का?" अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, मात्र म्हणायची, "एक दिवस हे नाकच ह्यांना गोत्यात आणंल बघा." घरातल्या बाईचं बोलणं आपल्याकडे पंचांगातल्या पावसाइतकंच मनावर घेतात.

गेल्या वर्षी हिर्डोशीच्या वरच्या एका वाडीतली बाई आली. पन्नाशीची असेल. दोन महिने तापानं खंगलेली. "सांजच्याला ताप चढतो बगा, रातभर निस्ता घाम. सांधं धरल्यात. दवाखानं लई झालं, कुनालाच काय घावंना." टायफॉइड म्हणून औषधं झाली होती, मलेरिया म्हणून झाली होती, अंगारासुद्धा लावून झाला होता. डॉक्टरांनी शेवटी रक्तात जंतू उगवतात का ते बघायला दाजींकडे पाठवलं. रक्ताची बाटली उबेत ठेवली. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी बाटली किंचित गढुळली तेव्हा दाजींनी तिच्यातला थेंब प्लेटवर पसरला, आणि दोन दिवसांनी, रविवारी, त्यावर सुईच्या टोकाएवढे, दवासारखे ठिपके दिसले.

मी बाकावर होतो. दाजींनी झाकण उचललं, नाक आत घातलं. मग मान वर करून जरा विचारात पडले.

"काय वास आहे?" मी विचारलं.

"कशाचाच न्हाई," ते म्हणाले. तीस वर्षांत त्यांच्या नाकाला कुणी असा नकार दिला नसावा. त्यांना तो अपमान वाटला. त्यांनी पुन्हा प्लेट उचलली आणि या खेपेस छाती भरून हुंगली. "मुका दिसतोय गडी," म्हणाले, आणि मग जे सगळ्यात आधी करायचं ते सगळ्यात शेवटी करायला बसले. काचपट्टीवर ठिपका घेतला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

काचपट्टी त्यांनी दोनदा पुढं-मागं सरकवून पाहिली. मग त्यांनी त्या बाईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मावशी, घरी शेरडं हायती का?"

"हायती की. बारा हायती."

"औंदा कुनी गाभडली का?"

"व्हय ना दादा! तिघी गाभडल्या. म्याच हातानं वढून काढलं की सगळं. का वं?"

दाजींनी प्लेटला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. पंखा बंद केला. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, उठा. रस्त्याच्या पल्याड जाऊन उभं ऱ्हावा." मी उठलो. हिवाळ्याच्या दिवसांत त्यांच्या कपाळावर घाम होता.

शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाला होणारा तो ताप. जंतूचं नाव ब्रुसेला. वाडीवर तो कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, जनावराला हात लागून येतो. लॅबमध्ये तो येतो श्वासातून, आणि तिथं त्याला आत घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे उघड्या प्लेटवर नाक धरणं. दाजींनी ते दोनदा केलं होतं.

प्लेट नीट बंदोबस्तात पुण्याला गेली, आणि तिथं तेच नाव निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाई कधीकाळी दाजींच्याच हाताखाली शिकलेल्या. फोनवर त्या रागावल्याही आणि रडवेल्याही झाल्या. "काका, हुंगायला तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आम्ही कधीच सोडलं. इथं भिंतीवर पाटी लावलीय आम्ही." मी दाराबाहेर होतो म्हणून मला फारसा धोका नाही, असं त्यांनी सांगितलं. दाजींना मात्र तीन आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या, आणि सहा महिने ताप मोजायचा, अधूनमधून रक्त पाठवायचं. हा जंतू महिनोन्‌महिने दबा धरून बसतो.

सुरुवातीला दाजींनी ते थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. गोळ्यांनी लघवी केशरी झाली ती बातमी त्यांनी मला भर वर्गात फोन करून दिली. पण हळूहळू त्यांचा आवाज खाली आला. रोज संध्याकाळी ते थर्मामीटर काखेत धरून ओसरीवर बसत, आणि अक्का आतल्या दारात उभी राहून बघे. ती त्यांना एका शब्दानं बोलली नाही. मला वाटतं, ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. शेतात खपल्यावर पाठ दुखते तशी त्यांची पाठ दुखली तरी अक्का थर्मामीटर पुढं करी. खरं सांगतो, मी मनातून फार घाबरलो होतो. या माणसाच्या गप्पांना मी इतकी वर्षं वैतागत होतो, आणि आता ते गप्प बसले तर माझा रविवार जाता जाईना.

ती बाई आधी बरी झाली. योग्य नाव कळलं, योग्य औषध मिळालं, आणि दीड-दोन महिन्यांनी ती नाचणीचं पीठ घेऊन एसटीनं भोरला आली, गालांवर जरा मांस धरलेली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या शेळ्याही तपासल्या होत्या. "तुमी वळखलं म्हून वाचले मी," ती म्हणाली. दाजी म्हणाले, "म्या न्हाई मावशी, काचंनं वळखलं."

शेवटचं रक्त गेलं त्याला चार दिवस झाले तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो. फोन आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, स्वच्छ आहे. काही नाही." दाजींनी "बरं" म्हटलं आणि मोबाईल उलटा धरून तसेच उभे राहिले. अक्का नुकतीच न्हाऊन आली होती. ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि सहा महिन्यांचं सगळं रडू एकदम रडली. दाजी भांबावले. तीस वर्षं जंतूंशी वागलेल्या माणसाला यात काय करायचं ते माहीत नव्हतं. शेवटी ते तिच्याजवळ खाली बसले, तिच्या ओल्या केसांवर डोकं टेकवलं, आणि त्यांनी एक लांब श्वास घेतला. मेव्हणीच्या घरी असा प्रसंग म्हटल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. अंगावरून मणाचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

लॅब अजून चालू आहे. प्लेटचं झाकण आता काचेच्या पेटीआडच उघडतं. कुणी मुद्दाम एखादी गोष्ट नाकाजवळ नेली तर दाजी हसतात आणि मान फिरवतात. ते धडधाकट आहेत, याचं मला रोज बरं वाटतं. तरी मधूनच एखाद्या रविवारी वाटतं, त्यांनी माझ्या शर्टाकडे नाक वळवून सकाळी मी काय खाल्लं ते एकदा चुकीचं का होईना, सांगावं.